टाकीतल्या माशांचे मॅक्रो फोटो: लेन्स कुठली घ्यायची आणि लाईट कुठून मारायचा

काच दोन्ही बाजूंनी पुसलेली आहे, पाणी आदल्या दिवशीच बदललंय, फोटोपुरता एअर पंप आणि फिल्टर बंद केलाय, हे सगळं मी धरून चालतोय. (फोटो झाले की फिल्टर लगेच चालू करा.)

आधी लेन्स, कारण लोक यावर महिनोन् महिने डोकं खपवतात. ९० ते १०५ एमएममधली कुठलीही १:१ मॅक्रो (म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या आकारात उमटवणारी) घ्या. टॅमरॉन ९०, टोकिना १००, कॅननची १००, निकॉनची १०५, सोनीची ९०, यातली एकही कमी शार्प नाही. जुनी, स्टॅबिलायझेशन नसलेली मिळाली तरी बिनधास्त घ्या, कारण आपण फ्लॅशवर काढणार, हात हलला तरी तो फोटोत दिसणार नाही. सेकंड हँड घेताना फक्त टॉर्च मारून आत फंगस आहे का ते बघा, मुंबई-कोकणच्या दमट हवेत वापरलेली असेल तर नक्कीच बघा.

५०-६० एमएमची स्वस्त पडते म्हणून घ्यायचा सल्ला मला अजिबात पटत नाही. १:१ ला ६० एमएमच्या पुढच्या टोकापासून मासा जेमतेम ५ ते ९ सेंटीमीटरवर यावा लागतो, १०० एमएमला साधारण १३-१४. त्यातून लेन्स आणि टाकीमधली फट, काचेची जाडी हे वजा करा, मग ६० वाल्याच्या वाट्याला फक्त काचेला चिकटून पोहणारा मासा उरतो, आणि एवढं मोठं काळं भांडं तोंडासमोर आलं की तोही पळतो. पाणी थोडी मदत करतं, आतली वस्तू खऱ्या अंतराच्या पाऊणपटीवर दिसते, म्हणजे हवेतले १० सेंटीमीटर आत १३ होतात, पण तेवढ्यावर ६० एमएम काही तरत नाही.

२ एक्स (खऱ्याच्या दुप्पट मोठं दाखवणाऱ्या) वगैरे मॅक्रोच्या मागे लागू नका. फुल फ्रेमचा सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, निऑन टेट्रा ३ सेंटीमीटरचा, म्हणजे १:१ ला अख्खी फ्रेम भरली. फायटरसारखे मोठे मासे तर १:२ च्याही (निम्म्या आकाराच्याही) अलीकडेच उरकतात. खरं १:१ लागतं ते चेरी श्रिम्प (इवलीशी लाल कोळंबी), अंडी आणि माशाच्या डोळ्याला. बजेट नसेल तर घरात आहे त्या टेलिझूमवर रेनॉक्सची डीसीआर-१५० (लेन्सच्या तोंडावर लावायची क्लोज-अप काच) लावा, २५० नको, १५० ला साधारण २० सेंटीमीटर अंतर मिळतं आणि टाकीत तेच हवं असतं.

कॅमेरा काचेला काटकोनात. नेहमी. तिरका धरलात की काच आणि पाणी मिळून फोटोच्या कडा फाडतात, रंगांच्या रेषा येतात आणि मग लेन्सला नावं ठेवली जातात. रिफ्लेक्शनसाठी पोलरायझर घ्या असं सांगणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे, काचेवरचं प्रतिबिंब पोलरायझरने जातं ते साधारण ५५ अंशाच्या तिरक्या कोनात, समोरून धरल्यावर तो काहीही करत नाही, उलट दीड-दोन स्टॉप लाईट खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). त्यापेक्षा रबराचा हूड लावून काचेला टेकवा आणि खोलीतले दिवे बंद करा. टाकीचा एलईडी मात्र चालू ठेवा, पूर्ण अंधारात फ्लॅश उडाला की मासे दचकतात.

आता लाईट. मला सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि लेन्सपेक्षा फोटो इथेच ठरतो.

कॅमेऱ्यावरचा फ्लॅश समोरून मारला की तो काचेवरून सरळ लेन्समध्ये परत येतो. बाजूने मारला की काचेवरचा प्रत्येक ओरखडा आणि पाण्यातला प्रत्येक कण उजळतो. फ्लॅश टाकीच्या वर न्यायचा, तिथूनच खाली मारायचा, निसर्गातही माशावर उजेड वरूनच पडतो. गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश आणि त्याला कॅमेऱ्यावरून उडवणारा एक्स-सीरिजचा ट्रिगर एवढं पुरतं. टीटीएल (फ्लॅशची पॉवर आपोआप ठरवणारा मोड) नको, काळी बॅकग्राउंड आणि चमकणारे खवले यात तो दर फोटोला वेगळा अंदाज बांधतो. मॅन्युअलवर ठेवा.

पण "फ्लॅश वर ठेवा" एवढं सांगून लोक थांबतात आणि तिथेच गोची होते. टाकीच्या बरोब्बर मधोमध ठेवलात तर माशाची पाठ पांढरी फटक आणि आपल्याकडची बाजू काळी येते. फ्लॅश पुढच्या काचेकडे सरकवायचा, अगदी पुढच्या काठाच्या जवळ, आणि किंचित मागे झुकवायचा, म्हणजे उजेड माशाच्या आपल्याकडच्या अंगावर पडतो. काठाच्या बाहेर मात्र येऊ द्यायचा नाही, आला की फोटोवर धुरकट पडदा येतो. त्यासाठी पुढच्या काठावर आडवं काळं कार्डशीट चिकटवा, लेन्सला फ्लॅश थेट दिसता कामा नये. मला फरक पडला तो या कार्डशीटनेच.

उघडा फ्लॅश वापरू नका. खवले आरशासारखे चमकतात, छोट्या लाईटचे त्यावर जळलेले डाग पडतात आणि ते एडिटिंगमध्ये परत येत नाहीत. फ्लॅशखाली बटर पेपर ताणून किमान ४० बाय ३० सेंटीमीटरचा पॅनल करा, पाण्यापासून २०-३० सेंटीमीटर वर. पोट काळं येत असेल तर फ्रेमच्या बाहेर, तळाशी पांढऱ्या ॲक्रिलिकचा तुकडा ठेवा, तो खालून उजेड परतवतो. यासाठी अख्ख्या टाकीत पांढरी वाळू घालू नका, बऱ्याच माशांचा रंग तिच्यावर फिका पडतो.

आणि कृपया, फ्लॅश दोरीने बांधा. नुसता झाकणावर टेकवून ठेवलेला फ्लॅश पाण्यात पडू शकतो आणि आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट असतात. पॅनलखाली साफ काच आडवी ठेवली की शिंतोडेही उडत नाहीत आणि मासा उडी मारून बाहेरही पडत नाही, फायटर आणि किलीफिश असतील तर काच हवीच.

सेटिंग: अपर्चर एफ ११, शटर १/२०० सेकंद, आयएसओ २००, फ्लॅश १/८ पॉवरपासून सुरू. मग फ्लॅश बंद करून एक फोटो काढा, तो जवळजवळ काळा यायला हवा. आला नाही तर टाकीचा एलईडी फोटोत घुसतोय, हलणाऱ्या माशाला भुतासारख्या दुहेरी कडा येणार, आयएसओ कमी करा. काळा आला की गती गोठवायचं काम फ्लॅश करतो, १/१६ पॉवरला बऱ्याच फ्लॅशचा झोत १/१०००० सेकंदाच्या आसपासच असतो. डेप्थ (माशाचा जास्त भाग फोकसमध्ये) हवी म्हणून एफ २२ ला जाऊ नका, १:१ ला एफ ११ चाच परिणाम एफ २२ एवढा होतो आणि त्यापुढे सगळं मऊ पडतं.

फोकस मॅन्युअल, डोळ्यावर, स्वतः पुढे-मागे होऊन. मासा जाळीने पकडून छोट्या टाकीत टाकायचं मला पटत नाही, घाबरलेल्या माशाचा रंग उतरतो आणि पर मिटलेले राहतात. त्याच्याच टाकीसमोर बसा, तो कुठून वळतो ते बघा आणि त्या जागेवर फोकस लावून थांबा.

समुद्री टाकीतल्या कोरलला मात्र यातलं बरंचसं लागू नाही. त्याचा चमकणारा रंग निळ्या लाईटखालीच दिसतो, फ्लॅशने तो रंग हरवतो. तिथे फ्लॅश बंद, ट्रायपॉड, वेव्ह पंप बंद, आणि लेन्सवर नारंगी-पिवळा फिल्टर, नाहीतर सगळं निळं येतं. शटर १/६० च्या आसपास ठेवा, स्वस्त एलईडीच्या आडव्या पट्ट्या दिसल्या तर अजून खाली आणा.