टूसॉनला पीएच.डी.साठी येणाऱ्यांना: आधी पाच ऋतू बघा

दरवर्षी मार्च-एप्रिल आला की मला मेल सुरू होतात. "ताई, अ‍ॅरिझोना विद्यापीठात अ‍ॅरिड लँड्सच्या पीएच.डी.ला नंबर लागलाय, येताना काय काय आणू?" अ‍ॅरिड लँड्स म्हणजे शुष्क, कोरड्या प्रदेशांचा अभ्यास. कुणी राहुरीचा असतो, कुणी परभणीची, कुणी पुण्यात भूगोल केलेला. प्रत्येकाला तुटक तुटक सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढते.

मी साताऱ्याच्या माण तालुक्यातली. इथे, अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात टूसॉनला येऊन अकरा वर्षं झाली, पदवी झाली, नोकरीही इथल्याच माती-गवताची आहे. आले तेव्हा मनात पक्कं होतं की कोरड्या मुलखाबद्दल मला नवं असं फारसं काही कळायचं नाही. आमच्याकडे साडेचारशे-पाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बेभरवशाचा. छावणीत जनावरं बांधलेली मी पाहिलीत, टँकरमागे घागर घेऊन पळालेय. टूसॉनला वर्षाला पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे माणच्या निम्म्याहून थोडाच जास्त. मी तो आकडा बघून ठरवूनच टाकलं की हा कायमचा दुष्काळी भाग.

तिथेच चुकलं, आणि तुमचंही तिथेच चुकेल म्हणून आधी हे सांगते. दुष्काळ म्हणजे यायचा तो पाऊस न येणं. शुष्क प्रदेश म्हणजे पाऊस मुळात तेवढाच असणं, आणि झाडाझुडपांनी, किड्यामुंग्यांनी, माणसांनी आपलं जगणं तेवढ्यात बसवलेलं असणं. टूसॉनभोवतीच्या सोनोरन वाळवंटात काही कमी पडलेलं नाही, ते भरलेलं आहे. दुष्काळ इथेही पडतो, तो वेगळा. झाडांच्या खोडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून असं दिसतं की २००० पासूनची बावीस वर्षं या नैर्ऋत्य भागात गेल्या बाराशे वर्षांतली सगळ्यांत कोरडी होती. पण 'कोरडं' आणि 'दुष्काळी' हे दोन शब्द मनात वेगळे झाले नाहीत, तर संशोधनाचा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. माझं पहिलं वर्ष त्यात गेलं.

दोन वनस्पतींवरून हे पटकन कळेल. आपल्याकडचं अंजन गवत घ्या. चाऱ्याला उत्तम, माळरानावर मुद्दाम पेरावं असं. इथे तेच गवत बफेलग्रास म्हणून ओळखतात. १९३० च्या दशकात तेही चाऱ्यासाठीच आणलं होतं. इथल्या मूळ झाडांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे आग पसरत नाही. अंजनाने ती जागा भरून काढली, उन्हाळ्यात ते वाळलं की पेट घेतं, आणि दीडशे वर्षांचे सग्वारो निवडुंग जळून जातात. शनिवारी सकाळी लोक पहारी घेऊन डोंगरावर ते उपटायला जातात. पहिल्यांदा गेले तेव्हा गड्डा हातात धरून मी थांबले. बोटाला तीच खरखर, कणसाचा तोच मऊ ब्रश. गावाकडे हे कुणी उपटलं असतं तर आबांनी त्याला सोडलं नसतं. आणि उलट बघा, आपण जिला वेडी बाभूळ म्हणून शिव्या घालतो तिची सख्खी बहीण मेस्कीट इथली मानाची. तिच्या शेंगा दळून गोडसर पीठ करतात, तिच्या सावलीत सग्वारोची रोपं वाढतात. झाड चांगलं की वाईट हे झाडावरून ठरत नाही, ते कुठे उभं आहे त्यावरून ठरतं.

म्हणून सल्ला एकच, बाकीचं सगळं त्याच्या मागून: एक पूर्ण वर्ष बघितल्याशिवाय प्रबंधाचा प्रश्न पक्का करू नका. आपण सहा ऋतू मोजतो, इथले लोक पाच मोजतात. वसंत, मग मे-जूनचा कोरडा कडक उन्हाळा, मग पावसाळी उन्हाळा, मग शरद, मग हिवाळा. पाऊस दोनदा येतो. हिवाळ्यातला संथ, दिवसभर भुरभुरणारा, जमिनीत मुरणारा. जुलै-ऑगस्टमधला धो धो, अर्ध्या तासात रस्ता वाहता करणारा. याला हे लोकही मॉन्सूनच म्हणतात, हवामान खात्याच्या हिशेबाने १५ जून ते ३० सप्टेंबर. तुम्ही ऑगस्टमध्ये येणार, सगळं हिरवं बघणार, आणि मनात एक चित्र बसवणार. त्यावर डिसेंबरमध्ये प्रस्ताव लिहू नका. जून बघा, मग लिहा.

अ‍ॅडव्हायजर घाई करत असतील तर त्यांना तुमॅमॉक टेकडीचं उदाहरण द्या. शहराच्या पश्चिमेला आहे. १९०३ साली कार्नेगी संस्थेने तिथे वाळवंटाची प्रयोगशाळा उभारली, आणि १९०६ पासून आखलेल्या चौकोनांमधली झाडं आजही मोजली जातात. सग्वारोला पहिली फांदी फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात. पाच वर्षांच्या पीएच.डी.त तुम्ही एकट्याने मोजून मोजून किती मोजणार? इथली खरी श्रीमंती म्हणजे आधीच्यांनी मोजून ठेवलेलं. टूसॉनच्या दक्षिणेला असलेल्या सांता रीटाच्या संशोधन-कुरणांचे शंभर वर्षांपूर्वीचे फोटो आहेत, त्याच जागी उभं राहून पुन्हा पुन्हा काढलेले. नवे प्लॉट आखायच्या आधी हे जुने हाताखालून घाला.

आता अभ्यासक्रमाचं. हा कार्यक्रम एका विभागाचा नाही, अनेक विभागांतले प्राध्यापक मिळून चालवतात. त्याचा फायदा असा की माती, पाणी, मानववंशशास्त्र, उपग्रहचित्रं, सगळ्यांची माणसं प्रबंध तपासणाऱ्या एका कमिटीत बसवता येतात. अडचण अशी की पैसा ज्याच्या त्याच्या विभागातून येतो. त्यामुळे होकार कळवण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: असिस्टंटशिप (शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाची पगारी नेमणूक) किती वर्षांची, फी आणि आरोग्य विमा त्यात धरलाय का, आणि उन्हाळ्यात काय. नेमणूक बहुधा ऑगस्ट ते मे अशी असते. जून-जुलैचं भाडं मात्र द्यावंच लागतं. विचारायला संकोच करू नका, इथे याला आगाऊपणा समजत नाहीत. मुख्य विषयाबरोबर एक मायनर, म्हणजे दुय्यम विषयही घ्यावा लागतो. तो सोपा म्हणून घेऊ नका, तुमच्या कमिटीत कोण बसणार हे त्यावरून ठरतं. पुढे काँप्रिहेन्सिव्ह परीक्षा, आधी लेखी मग तोंडी. आपली मुलं लेखीत कधी अडत नाहीत, तोंडीत अडतात, कारण "मला हे माहीत नाही, पण मी असं शोधेन" हे म्हणायची सवय आपल्याला कुणी लावलेली नसते. ती घरी आरशासमोर लावा.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला वीस तास, तेही कॅम्पसवरच काम. पहिला पगार हातात पडायला वेळ लागतो, दोन महिन्यांचं भाडं आणि खाणं भागेल एवढे पैसे बरोबर आणा. करभरणीत भारतीय विद्यार्थ्यांना दोन देशांच्या करारामुळे स्टँडर्ड डिडक्शन मिळतं, इतर बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही. फॉर्म भरून देणाऱ्यांच्याही हे लक्षात राहत नाही, तुम्ही लक्षात ठेवा. व्हिसाचे बाकी नियम बदलत असतात, ते माझ्याकडून ऐकू नका, विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयातच विचारा.

घर बघताना पहिला प्रश्न भाड्याचा नाही, गारव्याचा. एसी आहे की नुसता स्वॉम्प कूलर? हा म्हणजे आपलाच कूलर, ओल्या जाळीतून हवा ओढणारा, फक्त छपरावर बसवलेला. जूनमध्ये हवा इतकी कोरडी असते की तो मस्त चालतो आणि बिलही कमी येतं. जुलैत मॉन्सूनची दमट हवा आली की घर गार होत नाही, नुसतं ओलं होतं, चादरीसुद्धा चिकट लागतात. पारा चाळिशीच्या वर असतो तेव्हा हे सोसत नाही. अ‍ॅरिझोनात घड्याळ पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे घरच्या फोनची वेळ बारा महिने तीच: आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे. आईला एकदा सांगितलं की कायमचं.

आता जरा नीट वाचा, हे जिवाशी आहे. इथल्या मातीत एक बुरशी असते, तिने व्हॅली फीव्हर होतो. धुळीबरोबर श्वासातून आत जाते. पुष्कळांना काहीच होत नाही, काहींना आठवड्याच्या आठवडे ताप, खोकला, आणि उठवत नाही असा थकवा. अमेरिकेतले निम्म्याहून जास्त रुग्ण एकट्या अ‍ॅरिझोनात सापडतात. आपण मातीवाले, खड्डे खणणारे, चाळणीने माती चाळणारे. दुसऱ्या वर्षी मला झाला. एका दवाखान्यात न्यूमोनिया समजून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, त्याचा काही उपयोग झाला नाही. बुरशीवर ती औषधं चालत नाहीत. छातीच्या फोटोत डाग दिसला तेव्हा मी भारतातली म्हणून डॉक्टरांनी क्षयाची शंका घेतली. रक्ताची साधी तपासणी आधी केली असती तर दोन महिने वाचले असते. म्हणून आठवड्याभरात खोकला हटला नाही तर डॉक्टरांना स्वतःहून सांगा: मी मातीत काम करते, व्हॅली फीव्हरची टेस्ट करा. खणताना चांगला मास्क लावा, जमलं तर माती आधी ओली करा, वावटळीच्या दिवशी चाळणीचं काम काढू नका.

फील्डवर उन्हाळ्यात पहाटे साडेचारला निघायचं, दहाच्या आत परत. माणशी चार लिटर पाणी, उरलं तर उरलं. बॅगेत एक साधा कंगवा ठेवा. चोया निवडुंगाचा गोळा कपड्याला चिकटला की हाताने काढायला जाऊ नका, हातातच रुततो. कंगवा आत सरकवून झटका द्यायचा. वॉश म्हणजे इथले कोरडे ओढे. आभाळ डोक्यावर निरभ्र असलं तरी वर डोंगरात पडलेला पाऊस तासाभरात खाली येतो. वॉशमध्ये गाडी लावून नमुने घ्यायला जाऊ नका. पाण्यात बुडालेल्या रस्त्यावरचा अडथळा ओलांडून गाडी घातलीत, तर सोडवायचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा कायदाच आहे. दक्षिणेला मेक्सिकोची सीमा जवळ, रस्त्यांवर तपासणी नाकी असतात. पासपोर्ट आणि आय-२० (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेला प्रवेशाचा कागद) गाडीत असू द्या.

टूसॉनच्या पश्चिमेला तोहोनो ओओधम या मूळ रहिवाशांच्या राष्ट्राची भूमी आहे. विद्यापीठाची परवानगी म्हणजे त्यांची परवानगी नव्हे, ती वेगळी मागावी लागते, आणि ती मिळायला लागेल तेवढा वेळ द्यावा लागतो. हे लोक ओढ्याच्या तोंडाशी, पुराचं पाणी पसरतं तिथे शेत करत आले. त्याला ते आक-चिन म्हणतात. टेपरी नावाचं त्यांचं कडधान्य एका पुरावर पिकतं. त्याची उसळ करा, मटकीपेक्षा शिजायला वेळ लागतो पण चव घरची लागते. जूनमध्ये सग्वारोची लाल फळं काढतात, त्यानंतर पाऊस येतो, आणि त्यांचं नवं वर्ष तिथून सुरू होतं. आपण त्यांच्याकडे 'डेटा' म्हणून बघायला लागलो की ती माणसं गप्प होतात, आणि गप्प होतात हे बरोबरच आहे.

पाण्याचा विषय घेणार असाल तर कालव्यापासून सुरुवात करा. आबा फोनवर विचारायचे, "एवढ्या पावसावर एवढं शहर राहतं कसं?" कोलोरॅडो नदीचं पाणी ५४० किलोमीटर वाहून आणि पंपांनी साडेआठशे मीटरच्या वर उचलून आणलंय. टेंभू उपसा सिंचन योजना डोळ्यांसमोर आणा आणि कितीतरी पटीने मोठी करा. १९९२ मध्ये ते पाणी थेट घरोघरी सोडलं तर जुन्या पाइपांच्या आतला गंज सुटायला लागला, नळाला तांबूस पाणी आलं, लोक खवळले, १९९४ मध्ये बंद करावं लागलं. मग शहराने ते अव्हरा खोऱ्यात तळ्यांमध्ये सोडून जमिनीत मुरवलं, भूजलात मिसळू दिलं, आणि २००१ पासून विहिरींनी उपसून द्यायला सुरुवात केली. पाणी अडवा, पाणी जिरवा हे आपण डोंगरउतारावर शिकलो, इथे ते अख्ख्या शहराच्या नळामागे आहे. या विषयात आपल्याकडच्या मुलांना बोलण्यासारखं खूप आहे. नायगावच्या पाणी पंचायतीबद्दल, म्हणजे पाणी जमिनीवर नाही तर माणशी वाटून घेण्याच्या पद्धतीबद्दल सेमिनारमध्ये सांगा, लोक वही काढून लिहून घेतात.

आल्यावर पहिल्या आठवड्यात क्रिओसोटचं झुडूप ओळखायला शिका, सगळीकडे आहे. डहाळी ओंजळीत धरून तिच्यावर तोंडाची वाफ सोडा आणि वास घ्या. इथल्या पावसाचा वास तो. आपला मातीचा, यांचा या पानांचा.

आणि सामानाचं, ज्यासाठी तुम्ही मेल केला होता. कुकर आणा, मसाले आणा, खाण्याचं जे असेल ते विमानतळावर जाहीर करा. पेरायचं बी आणू नका. बूट धुऊन आणा, तळव्याला माती राहू देऊ नका. आणि गावची माती आणू नका. एका मुलीने वडिलांच्या रानातली मूठभर माती रुमालात बांधून आणली होती, ती विमानतळावर काढून घेतली आणि मुलगी रडत बाहेर आली. परदेशी मातीला इथे कृषी खात्याचा परवाना लागतो. तुलनेसाठी आपल्याकडचे नमुने खरंच हवे असतील तर निघायच्या आधी अ‍ॅडव्हायजरला लिहा; प्रयोगशाळेच्या नावावर परवाना असेल तर माती मागून रीतसर येते.