व्हीआर (आभासी वास्तव) गेमचा प्रोजेक्ट: एक खोली, एक कृती

आधी गेम लहान करा. एक खोली आणि हाताने करायची एकच कृती, म्हणजे चेंडू उचलून टोपलीत टाकणं, एवढ्यात एका सत्राचा प्रोजेक्ट सहज भरतो. प्रस्तावात पाच लेव्हल आणि बोलणारी पात्रं लिहिली, तर सादरीकरणाच्या आदल्या रात्री त्यातलं एकही धड चालत नसतं.

युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये यूआरपी (चित्र रंगवायची युनिटीची एक पद्धत) टेम्पलेट घ्या, प्लॅटफॉर्म अँड्रॉइड करा, ओपनएक्सआर (हेडसेटशी जोडणारं) आणि एक्सआर इंटरॅक्शन टूलकिट (हाताच्या कृतींसाठी) ही पॅकेजं टाका. क्वेस्ट या मेटाच्या हेडसेटसाठी बिल्डच्या सेटिंगमध्ये आयएल२सीपीपी (कोड रूपांतराची पद्धत) आणि एआरएम६४ (प्रोसेसरचा प्रकार) निवडा. पहिल्याच दिवशी रिकाम्या खोलीचं बिल्ड (चालवता येणारी तयार फाइल) हेडसेटवर चढवा. डेव्हलपर मोड आणि यूएसबीच्या परवानग्यांची कटकट तेव्हाच निस्तरते. हेडसेट सगळ्यांत मिळून एकच असेल, तर एरवी एक्सआर डिव्हाइस सिम्युलेटरवर (संगणकावरचा नकली हेडसेट) काम भागतं. उंची, अंतर आणि चक्कर मात्र त्यात कळत नाही.

युनिटीत १ युनिट म्हणजे १ मीटर, तेव्हा टेबल ०.७५ उंचीचं करा. ट्रॅकिंग ओरिजिन (उंची कुठून मोजायची ते) ‘फ्लोअर’ ठेवा आणि एक्सआर ओरिजिन (खेळणाऱ्याचा कॅमेरा आणि हात ज्याच्या आत असतात तो ऑब्जेक्ट) जमिनीवरच असू द्या. तो आपणच १.६ मीटर वर ठेवला, तर डोळ्यांची उंची दोनदा मोजली जाते आणि खेळणारा छताला टेकतो.

चेंडूला कोलायडर (धडक ओळखणारा), रिजिडबॉडी (वजन आणि पडणं देणारा) आणि एक्सआर ग्रॅब इंटरॅक्टेबल (हाताने उचलू देणारा) हे घटक लावा. मूव्हमेंट टाइप ‘व्हेलॉसिटी ट्रॅकिंग’ (चेंडू भौतिकीच्या वेगाने हाताच्या मागे जातो) असताना हातातला चेंडू थरथरतो, आणि दोष बिचाऱ्या कंट्रोलरला दिला जातो. खरं कारण वेगळं: फिक्स्ड टाइमस्टेप (भौतिकीच्या दोन गणितांमधला वेळ) मुळात ०.०२ सेकंद असतो, म्हणजे भौतिकीची गणितं सेकंदाला ५० वेळा होतात, पण पडदा ७२ वेळा रंगतो. टाइमस्टेप ०.०१३९ करा. जोरात फेकलेला चेंडू भिंतीतून पार जात असेल, तर कोलिजन डिटेक्शन ‘कंटिन्युअस डायनॅमिक’ करा.

७२ हर्ट्झला एका फ्रेमला जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं काढायची असतात. म्हणून प्रकाश बेक करा (आधीच मोजून साठवा), रिअलटाइम सावल्या आणि पोस्ट-प्रोसेसिंग (चित्र तयार झाल्यावरचे इफेक्ट) बंद ठेवा. आयात केलेलं मॉडेल गुलाबी दिसलं, तर त्याचं मटेरियल यूआरपीत बदलून घ्या.

चालण्याऐवजी टेलिपोर्ट (दाखवलेल्या जागी थेट उडी) द्या, वळायला ४५ अंशांचं स्नॅप टर्न (एका झटक्यात वळणं). कोडमधून कॅमेरा कधीही हलवू नका: डोळ्यांना हालचाल दिसते, कानातल्या तोलाला जाणवत नाही, आणि मळमळायला लागतं. चाचणीला व्हीआर कधीच न वापरलेला कुणीतरी बसवा. करणाऱ्यांना सवय झालेली असते, त्यांना चक्कर येत नाही.