घरच्यांना वेळ द्यायला कॉलेजची बास्केटबॉल कोचिंग सोडताय? आधी घड्याळ मांडा

कॉलेजचा कोच मैदानावर असतो दिवसाला साडेचार तास. सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी साडेपाच ते आठ. आठवड्याचे सहा दिवस धरले तर २७ तास. ऐकणाऱ्याला वाटतं, बरी आहे की नोकरी, दुपार तर सगळी रिकामी! पण हे २७ तास कोणते, ते बघा. पोरांची स्कूल व्हॅन सातच्या सुमारास दारात येते आणि रात्री नऊ-साडेनऊला ती झोपतात. म्हणजे घर जागं असतं नेमकं तेव्हा कोच मैदानावर, आणि तो घरी असतो तेव्हा घरात चिटपाखरू नाही. नागपूरचा उन्हाळा त्यात भर घालतो. पारा ४५ कडे सरकला की सराव आणखी दोन्ही टोकांना जातो, पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी लाईटखाली नऊपर्यंत. शाळांना सुट्ट्या लागतात तेव्हाच समर कॅम्पही लागतात.

म्हणून राजीनामा लिहायच्या आधी दोन आठवड्यांचा तक्ता करा, एक सीझनमधला आणि एक सीझन संपल्यावरचा. तुमचे तास एका रंगात भरा, घरची माणसं जागी आणि घरी असतात ते तास दुसऱ्या रंगात. आठवड्यातले कोणते तास परत हवेत, ते त्यात दिसतं. ‘घरच्यांना वेळ देतो’ एवढ्यावर कोणी नोकरी सोडू नये. मुलीला सकाळी व्हॅनपर्यंत सोडणं, सासऱ्यांना मंगळवारी दवाखान्यात नेणं, रात्रीचा स्वयंपाक एक दिवसाआड, असं कामांच्या नावानिशी नवरा-बायकोत ठरवा. नाहीतर नोकरी जाते आणि संध्याकाळ मोबाईलवर जाते.

दुसरा हिशेब वर्षाचा. जून-जुलैत प्रवेश आणि ट्रायल्स, पावसाळ्यानंतर इंटर-कॉलेज, त्यातून युनिव्हर्सिटीच्या टीमची निवड, मग सराव शिबिर, मग पश्चिम विभागाची आंतरविद्यापीठ स्पर्धा म्हणजे आपली झोनल, आणि तिथे वर आलात तर ऑल इंडिया. हा सगळा पट्टा पोळा-मारबतीपासून संक्रांतीपर्यंत पसरलेला असतो, म्हणजे दसरा-दिवाळीही त्यातच. झोनल राजस्थानात किंवा गुजरातेत लागली तर जाण्या-येण्यातच तीन-चार दिवस मोडतात. पुरुष आणि महिलांच्या स्पर्धा बहुधा वेगळ्या गावी असतात, म्हणून दोन्ही टीम एकाच्याच गळ्यात असतील तर हे सगळं दोनदा.

यातलं घरच्यांना सगळ्यात जास्त टोचतं ते परतीच्या तारखेचं. नॉकआऊटमध्ये हरलात तर तिसऱ्या दिवशी परत, जिंकत गेलात तर आठवडा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, स्पर्धेचं पत्र त्यानंतर हाती पडतं, मग बारा पोरांची वेटिंगची तिकिटं आणि परतीसाठी दोन तारखांचं बुकिंग. ‘कधी येणार?’ या प्रश्नाला कोचकडे उत्तरच नसतं. दहा दिवस नसणं घर सहन करतं, पण ‘बघू’ हे उत्तर दरवर्षी सहन होत नाही.

म्हणूनच आमचं मत असं की पहिल्या फटक्यात सगळं सोडू नका. आधी युनिव्हर्सिटीच्या टीमची नेमणूक नाकारा. शिबिर, झोनल आणि ऑल इंडिया मिळून जाणारा जवळपास महिना त्याने वाचतो, आणि कॉलेजची टीम हातात राहते. मग सकाळचा सराव कंडिशनिंगपुरता, म्हणजे ताकद आणि दमसासाच्या व्यायामापुरता ठेवून एखाद्या जुन्या कलर होल्डरकडे, म्हणजे युनिव्हर्सिटीकडून खेळलेल्या खेळाडूकडे द्या. त्याला मानधन किती आणि ते कोण देणार, हे प्राचार्यांकडून लेखी घ्या. तोंडी ठरलं की दोन महिन्यांत तो पोरगा येणं बंद करतो आणि सहाचा गजर पुन्हा तुमचाच वाजतो. एक सीझन असा काढूनही तक्ता तसाच राहिला, तर मग सोडा.

सोडून कुठे जायचं, यात लोक हमखास फसतात. स्वतःची अकादमी काढली की वेळ आपल्या हातात, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. नागपुरात धरमपेठ असो की मानकापूर, लहान मुलांची बॅच संध्याकाळी ५ ते ८ लाच भरते, कारण मुलं तेव्हाच मोकळी असतात. वर कोर्टाचं भाडं, लाईटचं बिल आणि फी थकवलेल्या पालकांचे रविवारी येणारे फोन. शाळेतली शारीरिक शिक्षकाची नोकरी मात्र खरोखर संध्याकाळ सोडवते. तिला बी.पी.एड. म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी लागते, नुसत्या एनआयएसच्या (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंग डिप्लोमावर सहसा भागत नाही. शाळेलाही सीझन असतो, १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांच्या जिल्हा, विभाग, राज्य अशा स्पर्धा. पण पत्र आधी येतं आणि मुक्काम लहान असतात. पंचगिरी शनिवार-रविवार खाते, तेव्हा ती जोडधंदा म्हणूनच ठीक. एम.पी.एड. (शारीरिक शिक्षणातली पदव्युत्तर पदवी) ५५ टक्क्यांनी आणि नेट किंवा सेट झालेलं असेल तर कॉलेजच्या शारीरिक शिक्षण संचालकाच्या जागेसाठी अर्ज करा. ती जागा कोचिंगची नाही, कामाचा मोठा भाग दिवसा ऑफिसात होतो. जाहिरात निघायला वर्षं लागू शकतात, त्या भरवशावर मात्र आधीची नोकरी सोडू नका.

राजीनाम्याचा महिना चुकला तर खेळाडूंचं नुकसान होतं. स्पर्धेचा पात्रता अर्ज, १ जुलैला वय २५ च्या आत आहे ना याची खात्री, फोटोवर शिक्का, प्राचार्यांची सही, ही सगळी धावपळ कोच करतो. ऑक्टोबरमध्ये गेलात तर एखाद्याचा अर्ज राहतो आणि त्याचं वर्ष जातं. राज्य सरकारी नोकरीतलं ५ टक्के खेळाडू आरक्षण ज्या प्रमाणपत्रांवर मिळतं, ती अशाच अर्जांतून उभी राहतात. एप्रिल-मेमध्ये गेलात तर समर कॅम्पची फी भरलेल्या पालकांना तोंड द्यावं लागतं. फेब्रुवारी-मार्च सगळ्यात बरा. सीझन आटोपलेला असतो, नवे प्रवेश सुरू झालेले नसतात, आणि तुमच्या नावावर कॉलेज निवडणाऱ्या बारावीच्या पोरांना वेळेत सांगता येतं. सांगायचा क्रम प्राचार्य, मग कॅप्टन, मग टीम. एका दिवसात उरका, नाहीतर संध्याकाळपर्यंत युनिव्हर्सिटीच्या रविनगरच्या मैदानावर चार वेगवेगळ्या आवृत्त्या फिरतात.

नोटीस किती, ते नेमणूकपत्रात बघा. खासगी शाळा आणि त्यांना जोडलेल्या कनिष्ठ महाविद्यालयांत कायम कर्मचाऱ्याला तीन महिने, इतरांना एक महिना असा नियम आहे. वरिष्ठ महाविद्यालयात विद्यापीठाचे नियम आणि करार लागू होतात. मानधनावरच्या कोचकडे बरेचदा पत्रच नसतं. तरीही महिनाभर आधी लेखी कळवा आणि आवक क्रमांक टाकलेली प्रत ठेवा. अनुभव प्रमाणपत्र मागताना तीच उपयोगी पडते.

पैशाचं थोडक्यात. कायम नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण झालेली असतील तर ग्रॅच्युइटी बघा. मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. ४०,००० रुपये आणि आठ वर्षं असतील तर साधारण १ लाख ८४ हजार ६०० होतात. पाच वर्षांना दोन-तीन महिने कमी असतील तर तेवढे थांबा. पीएफ काढू नका, नव्या नोकरीत वळवा. पाच वर्षांच्या आत काढला तर कर लागतो. कॉलेजने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नाही, म्हणून क्लेम अडकणं नेहमीचं. शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी ती तारीख स्वतः पोर्टलवर टाकता येते. पीएफसोबतच्या पेन्शनची दहा वर्षं भरली नसतील तर फॉर्म १० सी भरून स्कीम सर्टिफिकेट घ्या, झालेली सेवा पुढे धरली जाते. कॉलेजचा सामूहिक आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपतो, स्वतःची पॉलिसी त्याआधी सुरू हवी. घरकर्ज घ्यायचं असेल तर तेही पगाराच्या स्लिपा हातात असतानाच.

चार्ज देताना घाई नको. डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ सामानाची नोंदवही) आणि स्टोअरमधला माल समोरासमोर मोजा. सात नंबरचे बॉल किती, सहा नंबरचे किती, त्यातले ब्लॅडर गेलेले किती, जर्सीचे सेट, बिब, कोन, पंप, स्टॉपवॉच, किल्ल्या. फाटलेला माल ‘निर्लेखनास पात्र’ म्हणजे नोंदीतून काढायचा असा वेगळ्या यादीत टाका, कारण रजिस्टरवर २४ बॉल आणि रॅकवर १७ असले की उरलेले सात तुमच्या नावावर चढतात. दौऱ्यांसाठी उचललेला अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, हा दुसरा फास. एका झोनलचं तिकीट हरवलं म्हणून बिल लागत नाही, आणि तेवढ्यासाठी नो ड्यूज, म्हणजे देणं बाकी नसल्याचं प्रमाणपत्र, महिनोन्‌महिने थांबतं. बिलं नोटीस देण्याआधीच लावा.

सोडल्यावर पहिल्या सीझनला फोन येतील. झोनलमध्ये मॅच हरली की रात्री अकराला पोरं आपल्याच सरांना विचारणार, ‘सर, झोन डिफेन्स लावायला पाहिजे होता ना?’ नव्या कोचच्या पाठीमागून डावपेच सांगू नका, त्याचंही वाटोळं होतं आणि पोरांचंही. व्हॉट्सॲप ग्रुपचं अ‍ॅडमिनपद नव्या कोचकडे देऊन बाहेर पडा. जुने खेळाडू प्रमाणपत्रासाठी येतील, त्यांना कॉलेजच्या ऑफिसात पाठवा. तुमच्या कारकिर्दीतल्या स्पर्धांचे निकाल आणि बारा-बारा नावांच्या याद्या वर्षवार फाईल करून जाताना तिथेच ठेवलेल्या असतील, तर त्यांचं काम अडत नाही. झेरॉक्सचा एक सेट घरी असू द्या.