छापण्याआधीच फाईल बांधा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एखाद्या गावच्या रस्त्याचं बिल निघालं आणि डांबर पडलंच नाही, हे छापायचं असेल तर आधी पुराव्यांची फाईल तयार हवी. ‘खरं आहे ना, मग भीती कसली’ हे फौजदारी बदनामीत चालत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ चा पहिला अपवाद (पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत कलम ४९९) दोन गोष्टी मागतो: मजकूर खरा हवा आणि तो लोकहितासाठी छापणं गरजेचं हवं. दोन्ही दाखवायची जबाबदारी आरोपीवर, म्हणजे बातमी छापणाऱ्या आपल्यावर.

बिलाची आणि मोजमाप पुस्तकाची (झालेल्या कामाची मापं नोंदवतात ते) सहीशिक्क्याची प्रत माहिती अधिकारात मागा. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, म्हणून अर्ज लिखाणाच्या बराच आधी जायला हवा. कागद कन्नडमध्ये असतील. शेजाऱ्याकडून अंदाजाने वाचून घेऊ नका. मंजूर रक्कम आणि प्रत्यक्ष दिलेली रक्कम यांत गल्लत झाली की सगळी बातमी कोसळते. पूर्ण भाषांतर लेखी घ्या, तेही गरज पडल्यास कोर्टात उभं राहील अशा माणसाकडून. फोटो ज्या मोबाईलवर काढले तो जपा, कारण डिजिटल पुरावा कोर्टात द्यायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं.

आपले वार्ताहर कमी पडतात ते लोकहित दाखवण्यात. पैसा कुणाचा, त्या रस्त्याने शाळेला, दवाखान्याला कोण जातं, हे मजकुरातच यायला हवं. मग प्रत्येक वाक्याला विचारा: हे गावाला का कळायला हवं? अधिकाऱ्याच्या घरातली भांडणं, त्याचं पिणं, हे खरं असलं तरी बिलाशी संबंध नसेल तर काढा. त्याची मातृभाषाही काढा. सीमाभागात ती ओळ हमखास घुसते आणि आपला हेतू गावाचं भलं नसून राग होता, असं म्हणायला समोरच्या वकिलाला आयती जागा मिळते.

छापण्याआधी संबंधिताला लेखी प्रश्न पाठवा, पोच ठेवा, उत्तर आलं तर छापा. पुढे एखादा तपशील चुकीचा निघाला तर त्याच कलमाचा नववा अपवाद आहे, तो सद्भावनेने, लोकहितासाठी केलेल्या आरोपाला संरक्षण देतो; पण पुरेशी काळजी घेतल्याचा पुरावा म्हणजे हे प्रश्न आणि ही पोच.

शिक्षा २ वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. गुन्हा जामीनपात्र आहे. तक्रार थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाते आणि आता दखल घेण्याआधी आपलं म्हणणं ऐकलं जातं; फाईल तेव्हाच वकिलाच्या हातात हवी. तक्रारीची मुदत ३ वर्षं, तोवर एकही कागद रद्दीत घालू नका.