अभंगाचं रेकॉर्डिंग: 'कंटेंट आयडी'वर टिक करण्याआधी

खानापूर-निपाणीकडची भजनी मंडळं बेळगावच्या स्टुडिओत अभंग रेकॉर्ड करतात आणि डिस्ट्रिब्युटरमार्फत (गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या कंपनीमार्फत) यूट्यूबवर टाकतात. 'कंटेंट आयडी' म्हणजे नोंदवलेलं रेकॉर्डिंग दुसऱ्यांच्या व्हिडिओत आपोआप शोधणारी यूट्यूबची यंत्रणा. फॉर्म भरताना तिच्यावर सरसकट टिक होते आणि क्लेम, म्हणजे हक्काचा दावा, जाऊन बसतो भलत्याच मंडळाच्या व्हिडिओवर.

१. स्टुडिओवाल्याला एकेक ट्रॅक वेगळा वाजवायला सांगा. पखवाज, टाळ खरंच वाजवलेत की कीबोर्डमधला तयार लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) आहे? तोच लूप आणखी कित्येकांकडे असतो. कंटेंट आयडीला फक्त तुमच्या एकट्याच्या हक्काचं रेकॉर्डिंग चालतं. तयार लूप, साउंड इफेक्ट, कराओके, हुबेहूब नक्कल, मॅशअप (दोन-तीन गाण्यांची सरमिसळ), डीजे मिक्स असेल तर टिक नको, गाणं नुसतं प्रसिद्ध करा.

२. तुकोबांचे शब्द सर्वांचे. हक्क मिळतो तो तुमच्या रेकॉर्डिंगपुरता. चाल हयात संगीतकाराची असेल तर आधी परवानगी घ्या.

३. आता खरी युक्ती. डिस्ट्रिब्युटरकडे देण्याआधी गाणं स्वतःच्या चॅनेलवर 'प्रायव्हेट' ठेवून चढवा. अपलोड करतानाच्या 'चेक्स' पायरीवर कुणाचा क्लेम दिसला, तर कुठल्या सेकंदापासून तेही कळतं. अनेकदा तिथं दुसऱ्या कुणाच्या नोंदलेल्या गाण्यातलाच लूप सापडतो. तेवढा तुकडा पुन्हा वाजवून घ्या. पखवाजवाला आपलाच असतो.

'चेक्स' कोरं आलं म्हणून हक्क सिद्ध होत नाही, कारण सगळेच लूप तिथं नोंदलेले नसतात. आणि तुमच्या क्लेमवर समोरच्यानं हरकत घेतली, तर तुम्हाला उत्तराला ३० दिवस मिळतात; तुमचा क्लेम चुकीचा असेल तर तेवढे थांबू नका, तो लगेच सोडा.