दारावरची सागवानी स्वागतपाटी : लेझरने अक्षरे कशी कोरावीत

खानदेशात घराच्या दारावर लावलेल्या लाकडी पाटीला एप्रिल-मेमधले ४५ अंशांच्या घरातले ऊन आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा, असे दोन्ही सोसावे लागते. लेझरने लाकूड नुसते वरवर भाजले, तर अक्षरे पहिल्या दिवशी कितीही काळीभोर दिसली तरी उन्हाने ती हळूहळू विटत जातात. म्हणून अक्षर काळे करण्यापेक्षा ते खोल कोरण्याकडे लक्ष द्यावे, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढची सर्व कृती त्याच बेताने सांगितली आहे.

लाकूड शक्यतो सागवानच घ्यावे. त्यातल्या नैसर्गिक तेलामुळे ते ओलावा आणि वाळवी या दोहोंना चांगले तोंड देते, शिवाय जुन्या घराच्या चौकटीचा किंवा दाराचा मुरलेला तुकडा मिळाला तर तो नव्या फळीपेक्षा कमी वाकतो. अशा तुकड्यात मोडलेले खिळे दडलेले असतात, त्यामुळे रंधा मारण्यापूर्वी त्यावरून चुंबक फिरवून पाहावे. दीड फूट लांब, सहा इंच रुंद आणि सहा सूत जाड फळी पुरेशी होते. ती आठ-पंधरा दिवस घरातच ठेवून मग १२०, १८० आणि २२० नंबरच्या पॉलिश पेपरने रेषांच्या दिशेने घासावी आणि घासताना मास्क लावावा. एमडीएफ (लाकडाचा बारीक भुसा दाबून केलेली फळी) बाहेरच्या दारासाठी घेऊ नये, कारण ते पाण्याने फुगते. पीव्हीसीचा पत्रा मात्र कोणत्याही लेझरखाली ठेवू नये; त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर फुफ्फुसांना घातक असतो आणि तो यंत्रही गंजवतो.

मजकूर ‘सुस्वागतम्’ असो, ‘या, बसा’ असो किंवा अहिराणीतले ‘घरमा या’ असो, अक्षरांची आखणी हा या कामाचा सर्वांत नाजूक भाग आहे. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर जोडाक्षरे नीट दाखवते, म्हणून मजकूर त्यात युनिकोडमध्ये लिहावा आणि मुक्ता किंवा बालूसारखा भरीव फॉन्ट निवडावा. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी पाहावा. शिरोरेषा लाकडाच्या रेषांना समांतर जाते आणि बारीक असली तर त्यांतच हरवते, त्यामुळे ती किमान ३ मिलिमीटर जाड ठेवावी. यानंतर मजकुराचे ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करून (म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकृत्या करून), गट सोडवून सर्व अक्षरांचे ‘युनियन’ करावे, म्हणजे त्यांची मिळून एकच आकृती होते. ही पायरी अनेक जण गाळतात आणि इथेच पाटी बिघडते : शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा जिथे एकमेकींवर चढलेल्या असतात, तेवढी जागा लेझरचे सॉफ्टवेअर रिकामी समजून कोरायचे सोडून देते आणि अखंड दिसायला हवी ती रेषा जोडाजोडाला तुटते. तयार आकृती एसव्हीजी स्वरूपात जतन करावी. घरी यंत्र नसेल तर ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्या दुकानदाराकडे हीच फाइल द्यावी. त्याच्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षरे बदलणार नाहीत.

स्वतःचे यंत्र असल्यास फळीवर कागदी मास्किंग टेप चिकटवावी, म्हणजे धुराचे डाग लाकडावर बसत नाहीत. त्यानंतर त्याच फळीच्या कापून उरलेल्या तुकड्यावर चाचणी घ्यावी, कारण प्रत्येक सागवान सारखे जळत नाही. १० वॅटच्या डायोड लेझरसाठी मिनिटाला ३००० मिलिमीटर वेग, ७० टक्के शक्ती आणि ओळींमध्ये ०.१ मिलिमीटर अंतर इथून सुरुवात करून वेग व शक्ती बदलत लहान चौकोनांची जाळी कोरावी. अर्धा मिलिमीटर खोली मिळेल असा चौकोन निवडून लागतील तेवढ्या फेऱ्या ठरवाव्यात. ३५ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर उंच मजकुराला वरील वेगाने एका फेरीस सुमारे पावणेदोन तास लागतात. इतक्या वेळात लाइट जाऊ शकते, म्हणून यंत्र इन्व्हर्टरवर चालवावे. लेझरच्या तरंगलांबीसाठीच बनवलेला चष्मा घालावा, धूर पंख्याने खिडकीबाहेर काढावा, जवळ अग्निशामक ठेवावा आणि काम चालू असताना तिथून हलू नये.

कोरीव काम झाल्यावर टेप न काढता खाचांतली काजळी जुन्या टूथब्रशने झाडावी. सागवानाची छिद्रे उघडी असल्याने रंग त्यांतून बाजूला पसरतो. तो थांबवण्यासाठी खाचांत आधी लाखेच्या पॉलिशचा पातळ हात द्यावा. तो वाळल्यावरच काळा किंवा गडद तपकिरी अ‍ॅक्रिलिक रंग भरावा. रंग वाळला की टेप सोलून २२० नंबरच्या कागदाने हलके घासावे आणि दुकानात तयार मिळणाऱ्या उकळलेल्या जवसाच्या तेलाचे (बॉइल्ड लिनसीड ऑइल) दोन-तीन पातळ हात एकेक दिवसाच्या अंतराने द्यावेत. पाठ आणि दोन्ही टोके विसरू नयेत, कारण टोकांतून लाकूड सर्वाधिक ओलावा ओढते. तेलाने भिजलेले फडके चुरगाळून टाकल्यास ते तापून आपोआप पेटू शकते. ते उघड्यावर पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवून ठेवावे.

पाटी बसवताना पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरावेत. भोके स्क्रूपेक्षा किंचित मोठी ठेवावीत, म्हणजे हवेप्रमाणे फुगणाऱ्या आणि आकसणाऱ्या लाकडाला हलायला जागा राहते आणि फळी तडकत नाही. मागे वायसर घालून थोडी फट सोडल्यास पाणी साचत नाही. पुढे दरवर्षी आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) सुमारास पाटी उतरवून पुसावी, रंग उडालेल्या खाचा पुन्हा भराव्यात आणि तेलाचा एक हात देऊन पावसाच्या आत ती परत लावावी.