ट्रकच्या पोटाखालचे गंजलेले बोल्ट न तोडता कसे काढावेत आणि नवे कसे बसवावेत

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून मासळी भरून घाटावर जाणारा ट्रक दोन पावसाळ्यांनंतर खालून पाहिला, तर बोल्टचे डोके कोणते आणि गंजाचा पापुद्रा कोणता हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. हौद्यातला बर्फ वितळून मासळीचे खारट पाणी फटींतून थेट चेसिसवर गळत राहते. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे तो नट आणि बोल्ट यांच्या आट्यांमध्ये पाचर मारल्यासारखा घट्ट बसतो. अशा बोल्टला नुसती ताकद लावली की नट सुटण्याच्या आधी बोल्टच तुटतो.

गाडी सपाट जागेवर लोखंडी घोड्यांवर घ्यावी, चाकांना ठोकळे लावावेत आणि डोळ्यांवर चष्मा चढवावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

कामाला हात घालण्यापूर्वी कोणते बोल्ट वाचवायचे आणि कोणते कापायचे हे ठरवून घ्यावे. पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) यू-बोल्ट वाचवण्याच्या भानगडीत पडू नये. एकदा ताणून बसवलेला यू-बोल्ट पुन्हा वापरायचाच नसतो, म्हणून पाट्यावरचा भार उतरवून ते सरळ ग्राइंडरने कापावेत. आरपार बोल्टचा नट मोकळा दिसत असेल आणि ग्राइंडर पोहोचत असेल, तर तोही कापलेला परवडतो. खरा प्रश्न असतो तो चेसिसला किंवा ब्रॅकेटला वेल्ड केलेल्या नटात अडकलेल्या बोल्टचा, आणि पुढचे सगळे त्याच्यासाठीच आहे.

बोल्टचे जे आटे नटाच्या बाहेर निघालेले असतात, ते तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासावेत. ही पायरी बहुतेक जण गाळतात. बोल्ट बाहेर येताना हेच गंजलेले आटे नटातून ओढले जाणार असतात, आणि अर्ध्यावर आलेला बोल्ट पुन्हा जाम होण्याचे कारण बहुतेक वेळा तेच असते. त्यानंतर गंज सोडवणारे पातळ तेल आदल्या संध्याकाळी, रात्री आणि सकाळी असे तीन वेळा लावावे व दर वेळी डोक्यावर हातोडीचे चार-पाच ठोके द्यावेत. ठोक्याने गंजाला बारीक तडे जातात आणि तेलाला वाट मिळते. डिझेल किंवा कोल्ड्रिंक ओतण्याचा सल्ला ऐकू नये. ते वरचा गंज ओला करते, पण आट्यांच्या तळापर्यंत फारसे पोहोचत नाही.

आता फिरवण्याची वेळ. मी इथेच पहिली काही वर्षे चुकत होतो. एका रात्री शॉकॲब्सॉर्बरच्या ब्रॅकेटचा 12 मिमीचा बोल्ट हलेना म्हणून मी दांड्याला चार फुटी पाइप घातला. दांडा मऊपणे, लोण्यात फिरावा तसा फिरला. बोल्ट सुटला असे वाटून मी आणखी जोर दिला आणि डोके माझ्या हातात आले. उरलेला तुकडा काढायला दुसरा अख्खा दिवस गेला आणि गाडीची फेरी बुडाली. ते मऊपण हाताने ओळखायला शिकावे. सुटणारा बोल्ट 'कट्' असा कोरडा आवाज करून एकदम हलतो. आवाज न करता रबरासारखा फिरणारा बोल्ट आतून पिळवटत असतो. असे जाणवताच हात थांबवावा.

पाना सहा कोनांचाच घ्यावा. बारा कोनांची गोटी (सॉकेट) गंजून झिजलेल्या डोक्यावरून घसरते आणि कोन गोल करते. सुरुवात सोडवण्याच्या दिशेने न करता किंचित आवळण्याच्या दिशेने करावी. एका केसाएवढी हालचाल झाली तरी गंजाची पकड मोडलेली असते. मग पाव फेरी सोडावे, अर्धी त्यातली परत आवळावे, तेल द्यावे आणि पुन्हा सोडावे. हे कंटाळवाणे आहे, पण मागे-पुढे केल्याने गंजाची भुकटी आट्यांतून बाहेर पडते, आणि एकाच दिशेने ओढत राहिले तर तीच भुकटी पुढे साचून बोल्टला पकडते.

तरीही न हलल्यास आच द्यावी, पण ती नटाला, बोल्टला नव्हे. 12 मिमीच्या नटाचे तापमान 500 अंशांनी वाढले, तर त्याचे भोक साधारण 0.07 मिमीने रुंदावते, आणि गंजाचा थर तोडायला एवढे पुरते. गॅस वेल्डिंगची टोकदार ज्योत नटाच्या कडांवर झटपट फिरवावी, नट मंद लालसर दिसू लागताच ज्योत काढावी आणि लगेच पाना लावावा. रेंगाळल्यास बोल्टही तापून फुगतो आणि मिळालेली फट बुजते. नट लाली जाऊन जरा निवला की त्याच्या सांध्याला मेणबत्ती टेकवावी. वितळलेले मेण आट्यांत सहज शोषले जाते.

ज्योत लावण्याआधी आजूबाजूचे ब्रेकचे पाइप, हवेच्या नळ्या, रबरी बुश आणि डिझेलची टाकी नीट पाहावी, आणि टाकीजवळच्या बोल्टला आच देऊच नये. ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी ज्योत नेऊ नये, कारण क्लोरीनयुक्त क्लीनर तापल्यावर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. चेसिसच्या मुख्य पट्ट्यांनाही आच लागू देऊ नये. जड गाड्यांमध्ये ते पोलाद अनेकदा उष्णताप्रक्रिया केलेले असते आणि तापल्याने कमकुवत होते.

बोल्ट तुटलाच, तर उरलेल्या तुकड्यावर नवा नट ठेवून आतून वेल्ड करावा, त्याआधी बॅटरीच्या तारा काढाव्यात, आणि वेल्डची आच उतरत असतानाच फिरवावे. वेल्डच्या आचेने बहुतेक तुकडे सुटतात. तुटलेल्या तुकड्यात भोक पाडून आत रुतवायचा उलट आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर मी वापरत नाही. तो आत मोडला तर त्याचे कडक पोलाद साध्या ड्रिलने भोसकता येत नाही.

नवा बोल्ट घेताना जुन्याच्या डोक्यावरचा 8.8 किंवा 10.9 हा ताकदीचा आकडा पाहून त्याच प्रतीचा घ्यावा, नट आणि वॉशरही नवे घ्यावेत. गंजत नाही म्हणून स्टेनलेस बोल्ट घालण्याचा मोह टाळावा: नेहमीचा स्टेनलेस 8.8 पेक्षा कमी ताकदीचा असतो, आणि खाऱ्या ओलाव्यात त्याला टेकलेले साधे लोखंड अधिक लवकर गंजते. नटाचे आटे टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवून साफ करावेत आणि बोल्टला तांब्याची पेस्ट लावावी. पेस्ट लावलेला बोल्ट कोरड्यापेक्षा सहज फिरतो, म्हणून कोरड्या बोल्टसाठी दिलेला टॉर्क (आवळण्याचा पीळ) तसाच लावल्यास तो गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. टॉर्क साधारण पाव हिश्शाने कमी ठेवावा. बाहेर राहिलेल्या आट्यांवर ग्रीस चोपडावे, नट आणि ब्रॅकेट यांवरून रंगाची एक सरळ रेघ ओढावी, आणि भरलेल्या गाडीची पहिली फेरी झाली की खाली जाऊन ती रेघ जुळते का ते पाहून टॉर्क पुन्हा तपासावा.